यादीत नसलेले कामगार

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मध्ये आमचे वाणगाव आहे. पहाटेच्या गाडीला इथल्या फलाटावर उभे राहिलात, तर दोन प्रकारची लगबग दिसेल. एक मिरचीची. आमच्या भागातली हिरवी आणि ढोबळी मिरची मुंबईच्या बाजारात नावाजलेली आहे. दुसरी लगबग कामाला निघालेल्या माणसांची. कुणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुणी पालघरला, कुणी थेट विरार-वसईला. या गर्दीतले काही जण डबा घेत नाहीत. जिथे काम तिथेच जेवण, मग डबा कशाला? हे हॉटेलात काम करणारे लोक. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

हॉटेल म्हटले की शहरी माणसाच्या डोळ्यांसमोर गालिचे आणि काचेचे दरवाजे येतात. आमच्याकडे हॉटेल म्हणजे स्टेशनबाहेरचे चहा-वड्याचे दुकान, बोईसरमधली कामगारांची खानावळ, मनोर ते चारोटीपर्यंत महामार्गाला लागून असलेले ढाबे, केळवे, डहाणू आणि बोर्डीची पर्यटकांसाठीची राहण्या-खाण्याची ठिकाणे आणि लग्नसराईतले केटरर्स. यांच्या भटारखान्यात उडुपीकडचा वस्ताद असतो, उत्तर प्रदेशातला तंदूरवाला असतो, कोकणातला वेटर असतो आणि मोरीवर भांडी घासायला जवळच्या पाड्यावरची बाई असते. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया या हॉटेलचालकांच्या संघटनेने २०१९ च्या अहवालात देशभरातल्या या धंद्यात सुमारे ७३ लाख लोक काम करतात असे म्हटले होते. म्हणजे हा काही मूठभरांचा प्रश्न नाही.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून लोकल थांबली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. तसे सगळ्यांचेच काम थांबले, पण हॉटेल कामगाराचे काय झाले ते जरा वेगळे आहे. त्याचा पगार बहुधा हजेरीवर. खाडा झाला की पैसे कापले जातात. पगाराच्या जोडीला दोन वेळचे जेवण आणि वरची टिप. बाहेरगावचा असेल तर झोपायला हॉटेलचाच माळा. त्यामुळे शटर खाली आले त्या दिवशी त्याचा रोजगार, त्याचे जेवण आणि त्याचे छप्पर अशा तीन गोष्टी एकदम गेल्या. बँकेतल्या कारकुनाला किंवा माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला घरी बसा म्हणणे आणि या माणसाला घरी बसा म्हणणे, यांत फार अंतर आहे. त्याचे घर तर हजार मैलांवर होते.

त्या महिन्यांत लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आले. शाळामास्तरकडे लोक असे येतातच. रेशनचे अर्ज, बँकेचे फॉर्म, गावी जाण्याच्या परवानगीचे अर्ज, सगळे झाले. या अर्जांमुळे मला एक गोष्ट नीट कळली आणि तीच आज सांगायची आहे. सरकारी मदत माणसाकडे पाहून येत नाही. ती नोंदवहीकडे पाहून येते. ज्याचे नाव वहीत असते त्याच्यापर्यंत ती पोचते, आणि हॉटेल कामगाराचे नाव कामगार म्हणून कोणत्याच वहीत नव्हते.

थोडे तपशिलात जाऊ. २६ मार्च २०२० ला केंद्र सरकारने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. रेशनकार्डावरच्या लाभार्थ्याला माणशी ५ किलो धान्य मोफत, कुटुंबाला महिना १ किलो डाळ, जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने दरमहा ५०० रुपये. या मदतीने पुष्कळ चुली पेटत्या राहिल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. राज्य सरकारने केशरी कार्डावरही मे आणि जूनमध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये दराने दिला. पण वस्तादाचे कार्ड उडुपीला आणि तंदूरवाल्याचे कार्ड गावी आईकडे. परराज्यातल्या कार्डावर इथे धान्य मिळण्याची व्यवस्था त्या वेळी पुरती बसलेली नव्हती. पुढे कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना मे-जूनसाठी माणशी ५ किलो धान्य जाहीर झाले, तोवर आपल्या जिल्ह्यातले कित्येक जण श्रमिक गाड्यांनी परतीच्या वाटेला लागले होते.

याच योजनेत नोकरदारांसाठीही एक मदत होती. शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांचा पगार पंधरा हजारांच्या आत असलेल्या आस्थापनांचा भविष्य निर्वाह निधीचा पूर्ण २४ टक्के हप्ता सरकार भरणार होते. योजना चांगली होती, पण आधी निधीत नाव हवे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाचीही एक योजना होती, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. नोकरी गेलेल्या विमाधारकाला ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या २५ टक्के भत्ता मिळे. २४ मार्च २०२० नंतर काम गेलेल्यांसाठी तो ५० टक्के करण्यात आला. म्हणजे हॉटेल बंद पडले तर तीन महिने अर्धा पगार. नेमकी याच प्रसंगासाठी केल्यासारखी योजना! बोईसरच्या एका हॉटेलात आठ वर्षे काम केलेला वेटर वर्तमानपत्रातले कात्रण घेऊन माझ्याकडे आला. मी विचारले, "विमा क्रमांक किती?" तो म्हणाला, "गुरुजी, क्रमांक कसला? शेठ मला नावाने हाक मारतो." त्याच्या आठ वर्षांचा एकही कागद नव्हता. आम्ही अर्ज भरलाच नाही.

आता शेठविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहखात्याने आदेश काढला, की टाळेबंदीतही मालकांनी पगार पूर्ण द्यावा. हेतू चांगलाच होता. पण ज्याच्या गल्ल्यात रोज येणारे पैसे रोजच्या दूध-भाजीला जातात आणि उरलेले गाळ्याच्या भाड्याला, त्या छोट्या हॉटेलवाल्याने दोन-तीन महिने पगार आणायचा कुठून? काहींनी उचल म्हणून चार पैसे दिले, काहींनी महिनाभर धान्य भरले, काहींनी फोन उचलणे बंद केले. तो आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत बोलून तोडगा काढावा असे सांगितले. आता तुम्हीच सांगा, मोरीवर भांडी घासणारी बाई कुणाशी वाटाघाट करणार?

महाराष्ट्रात खाण्याची हॉटेले ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने उघडली. आम्हाला वाटले, सुटले बिचारे. पण लोकल कुठे सुटली होती? जूनपासून ती केवळ अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावत होती आणि त्या यादीत हॉटेल कामगार नव्हता. स्त्रियांना २१ ऑक्टोबरपासून ठरावीक वेळेत मुभा मिळाली, सर्वसामान्य पुरुष प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ पासून, तीही पहाटे, दुपारी आणि रात्री नऊनंतर. म्हणजे वसईचे हॉटेल उघडले तरी वाणगावचा वेटर चार महिने तिथे पोचायचा कसा? काहींनी जागा गमावल्या. काही जण मिरचीच्या वाड्यांवर तोडणीला गेले. हात भाजायची सवय असलेल्या माणसांनी मिरचीची जळजळही सोसली.

आणि मग आला एप्रिल २०२१. दुसरी लाट. १३ एप्रिलच्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दुसऱ्या दिवसापासून कडक निर्बंध जाहीर केले आणि सोबत ५,४७६ कोटी रुपयांची मदतही जाहीर केली. आमच्याकडे टीव्हीसमोर पाच-सहा जण बसलो होतो, अंतर राखून. नोंदणीकृत बांधकाम कामगारांना दीड हजार रुपये. नोंदणीकृत घरेलू कामगारांना दीड हजार. नोंदणीकृत फेरीवाल्यांना दीड हजार. परवानाधारक रिक्षाचालकांना दीड हजार. आदिवासी कुटुंबांना दोन हजार. सात कोटी लोकांना महिनाभर मोफत धान्य. यादी संपली. आमच्यात शेजारच्या पाड्यावरची एक बाई होती. एका हॉटेलात मोरीवर काम करायची. तिने विचारले, "गुरुजी, आमचं नाव कशात येतं?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही, म्हणून मी नंतर यादी पुन्हा पाहिली. तिच्यात 'नोंदणीकृत' आणि 'परवानाधारक' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. बांधकाम कामगाराला दीड हजार का मिळाले? कारण त्याच्यासाठी १९९६ चा कायदा आहे, बांधकामावर उपकर आहे, त्या पैशातून चालणारे मंडळ आहे आणि मंडळाकडे नाव व खाते क्रमांक आहे. त्यालाच २०२० मध्ये आधी दोन हजार आणि मग तीन हजार मिळाले होते. घरेलू कामगारांसाठी राज्याचा २००८ चा कायदा आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. या प्रत्येक घटकाने त्या नोंदीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, तेव्हा ती वही तयार झाली. तिथे आग लागण्यापूर्वीच विहीर खणलेली होती.

आता त्या बाईचे बघा. ती भांडी घासते. तीच भांडी तिने एखाद्याच्या घरी घासली असती आणि मंडळात नाव नोंदवले असते, तर ती घरेलू कामगार ठरली असती आणि दीड हजारांची हक्कदार झाली असती. हॉटेलातली भांडी घासल्यामुळे ती कुणीच ठरली नाही. हॉटेलबाहेरच्या गाडीवर वडे तळणाऱ्याकडे परवाना असेल तर त्याला मदत, आणि आत वडे तळणाऱ्याला काही नाही. गाडीवाल्याला मिळाले ते योग्यच होते, त्याचा हेवा नाही. पण आतला माणूस कमी कष्ट करतो असे कोण म्हणेल?

मग तिला काहीच मिळाले नाही का? मिळाले. आमचा डहाणू तालुका आदिवासीबहुल आहे. बंद पडलेली खावटी योजना राज्य सरकारने २०२० मध्ये पुन्हा सुरू केली आणि पात्र आदिवासी कुटुंबाला दोन हजार रुपये रोख व दोन हजारांचे धान्य-किराणा असे अनुदान ठरवले. तिला मदत मिळाली ती आदिवासी म्हणून. धान्य मिळाले ते रेशनकार्डधारक म्हणून. पाचशे रुपये आले ते जनधन खातेदार म्हणून. तिच्या नवऱ्याला काही दिवस रोजगार हमीचे काम मिळाले, तेव्हा मजुरी २३८ रुपये होती. हॉटेल कामगार म्हणून मात्र एक पैसा नाही. ज्या कामात तिची बारा वर्षे गेली, त्या कामाची सरकारदरबारी ओळखच नव्हती. आणि तिच्याच शेजारी उभा राहून भाकऱ्या थापणारा परप्रांतीय आचारी, ज्याच्याकडे ना इथले कार्ड ना खावटी, त्याला यातले काहीच नाही.

हॉटेल व्यवसायाला सरकारने काहीच दिले नाही असेही म्हणता येणार नाही. ३१ मार्च २०२१ ला केंद्राने आपली तातडीची कर्जहमी योजना हॉटेल आणि पर्यटन क्षेत्रासाठी वाढवली. आधीच्या थकबाकीच्या ४० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, सरकारची हमी. जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने हॉटेल, उपाहारगृहे, पर्यटन यांसारख्या क्षेत्रांना कर्ज देता यावे म्हणून बँकांसाठी १५ हजार कोटींची सोय केली. राज्याने पर्यटन क्षेत्रातल्या हॉटेलांना उद्योगाचा दर्जा दिला. पण हे सारे कर्ज आणि करसवलत. ज्याचे बँकेत मुळात कर्ज चालू आहे त्यालाच वाढीव कर्ज मिळणार. मेहुण्याकडून उसने घेऊन खानावळ चालवणाऱ्याच्या हाती ते कसे लागणार? आणि मालकाला मिळालेल्या कर्जातून मोरीपर्यंत किती पाझरणार?

बाहेरच्या देशांत काय झाले? ब्रिटनमध्ये सरकारने घरी बसलेल्या कामगारांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिना अडीच हजार पौंडांपर्यंत, स्वतः उचलला. मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२१ पर्यंत वेगवेगळ्या प्रमाणात ही योजना चालली आणि हॉटेलवाल्यांनी तिचा मोठा वापर केला. हे जमले कसे? तिथे वेटरचाही पगार करखात्याच्या वहीतून जातो. ज्यांची नोंद नव्हती ते तिथेही वगळले गेले. अमेरिकेने २०२१ मध्ये खास उपाहारगृहांसाठी २८.६ अब्ज डॉलरचा निधी काढला. सुमारे २ लाख ७८ हजार अर्ज आले आणि सुमारे १ लाख १ हजारांना पैसे देईपर्यंत तो संपला. श्रीमंत देशांचीही तऱ्हा ही. आपण ब्रिटनइतके पैसे देऊ शकत नाही, हे मान्य. पण दीड हजार तर देऊ शकत होतो. ते रिक्षावाल्याला दिलेच ना?

आपल्याकडेच एक चांगला धडा मिळाला, तो शिवभोजन थाळीचा. २६ जानेवारी २०२० ला ही थाळी दहा रुपयांत सुरू झाली, टाळेबंदीत पाच रुपयांची झाली आणि एप्रिल २०२१ पासून काही महिने मोफत. ग्राहक देईल ती रक्कम धरून ग्रामीण भागात थाळीमागे ३५ रुपये आणि शहरात ५० रुपये केंद्रचालकाला मिळत. ही केंद्रे चालवणाऱ्यांत बचतगट होते, खानावळवाले होते. भुकेल्याला जेवण मिळाले, हे तर झालेच. पण त्याच पैशात भटारखान्याची चूल पेटली, आचाऱ्याला काम मिळाले, मोरीवरची बाई कामावर आली. सरकारने हॉटेलवाल्याकडून अन्न विकत घेतले तर उपाशी माणूस आणि बेकार आचारी असे दोन प्रश्न एकाच पातेल्यात सुटतात. पुन्हा तशी वेळ आली तर गावोगावच्या बंद खानावळींना पहिल्याच आठवड्यात हे काम देता येईल.

पण मुळात नोंदीचा प्रश्न सोडवला पाहिजे. आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. हॉटेले-उपाहारगृहे किमान वेतनाच्या अनुसूचीत फार पूर्वीपासून होती. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे आणि त्यात कामगाराला ओळखपत्र देण्याची तरतूद आहे. मात्र तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना पूर्णपणे लागू केला गेला. त्याखालच्यांनी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. आमच्या स्टेशनबाहेरच्या बहुतेक हॉटेलांत दहा माणसे नाहीतच. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीस करण्याचा निर्णय घेतला. धंदा करणे सोपे व्हावे, हा हेतू समजतो. पण महामारीने जो धडा दिला, त्याच्या बरोबर उलट्या दिशेने हे पाऊल आहे असे मला वाटते. लहान मालकाच्या डोक्यावर निरीक्षकाचा जाच नको, हे खरे. पण कामगाराचे नाव लिहिणे हा जाच नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ ला असंघटित कामगारांच्या राष्ट्रीय नोंदणीसाठी मुदत घालून दिली आणि २६ ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम नोंदणी सुरू झाली. १६ ते ५९ वयाचा, निर्वाह निधी किंवा राज्य विम्यात नसलेला कोणीही कामगार तिथे मोफत नाव नोंदवू शकतो. त्याला बारा आकडी क्रमांक मिळतो आणि त्याचा व्यवसायही लिहिला जातो. देशात तीस कोटींहून अधिक लोकांनी नावे नोंदवली आहेत. पण केवळ कार्ड म्हणजे मदत नव्हे. कार्डामागे निधी हवा आणि निधीमागे मंडळ हवे. महाराष्ट्राला हे शिकवायला नको. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा याच राज्याने केला. ज्याचा मालक रोज बदलतो अशा माणसाचीही नोंद, हजेरी आणि भविष्य निर्वाह निधी मंडळामार्फत सांभाळता येतो, हे आपण देशाला दाखवले. मग हॉटेल कामगारांचे मंडळ का होऊ नये? ग्राहकाच्या बिलातला अगदी लहानसा वाटा त्याला पुरेल.

मंडळ होईल तेव्हा होईल. तोवर तीन साध्या गोष्टी सांगतो. हॉटेलात काम करणाऱ्या बंधू-भगिनींनो, ई-श्रमवर नाव घाला आणि व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर' असे ढोबळ न लिहिता हॉटेलातले आपले काम लिहा. पगाराचा थोडा भाग तरी बँक खात्यात मागा, म्हणजे कागद राहील. मालकांनो, साधी हजेरीवही ठेवा, तिच्यात पूर्ण नाव, गाव आणि कामावर लागल्याची तारीख लिहा. आणि ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतल्या हॉटेल-ढाब्यांवरच्या माणसांची, परप्रांतीयांसकट, एक यादी करून दर वर्षी ताजी ठेवावी. गुरेढोरे मोजतो, मिरचीचे पाट्या मोजतो, तर माणसे मोजणे अवघड नाही.

त्या आठ वर्षांच्या वेटरची गोष्ट अर्धी राहिली. तो आता दुसऱ्या हॉटेलात आहे. मध्यंतरी फलाटावर भेटला, तेव्हा खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेले ई-श्रम कार्ड काढून दाखवले. "गुरुजी, आता क्रमांक आहे," म्हणाला. मी त्याला शाबासकी दिली. पण पुन्हा शटर खाली आले तर त्या क्रमांकावर कोण आणि किती पैसे पाठवणार, हे विचारायच्या आत त्याची गाडी आली. तो प्रश्न मी तुमच्यापुढे आणि सरकारपुढे ठेवतो.